घातक कचऱ्याच्या जागेचा सरकारी अहवाल कसा मिळवायचा: शोधापासून अपिलापर्यंत

एमआयडीसीच्या मागच्या नाल्याकडेला कधीकाळी रसायनांचा गाळ पुरला गेला, आसपासच्या विहिरींचं पाणी बिघडलं, आणि गावात सगळ्यांना एवढंच ठाऊक असतं की ‘सरकारनं तपासणी केली होती, अहवालही झाला होता’. तो अहवाल मात्र कुणी पाहिलेला नसतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उप-प्रादेशिक कार्यालय मुख्यालयाकडे बोट दाखवतं, मुख्यालय दिल्लीकडे, आणि दिल्लीहून उत्तर येतं की हा राज्याचा विषय आहे.

असे अहवाल सहसा नष्ट झालेले नसतात. त्यांच्या प्रती चार-पाच कार्यालयांत पडून असतात. लोक अडतात ते विचारण्याच्या पद्धतीत. माहितीच्या अधिकारात ‘अमुक जागेचा अहवाल द्या’ असा अर्ज गेला की ‘असा अहवाल या कार्यालयात उपलब्ध नाही’ हे उत्तर देणं सोपं होतं, कारण कुठला कागद हे अर्जदारानं सांगितलेलंच नसतं. म्हणून आधी अहवालाची नोंद शोधायची: त्याचं नाव, तारीख, कुणी केला, कुणाच्या आदेशानं केला, कुठल्या जावक क्रमांकानं कुणाकडे गेला. एवढं हाती आलं की प्रत नाकारणं फार अवघड होतं.

कुठला कागद हवा आहे ते ठरवा

‘घातक कचऱ्याचा अहवाल’ या एका नावाखाली निदान पाच वेगळे कागद फिरत असतात.

पहिला म्हणजे वार्षिक गोषवारा. घातक आणि इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक कारखान्याला नमुना ४ मधलं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला (पुढे ‘राज्य मंडळ’) द्यावं लागतं. त्यावरून राज्य मंडळ ३० सप्टेंबरपर्यंत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे (पुढे ‘केंद्रीय मंडळ’) गोषवारा पाठवतं, आणि केंद्रीय मंडळ ३० डिसेंबरपर्यंत देशाचा आढावा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला (पुढे ‘मंत्रालय’) देतं. यात किती कचरा तयार झाला, किती जाळला, किती भरावात गेला हे कळतं. तुमच्या गावच्या मातीबद्दल यात काहीही नसतं.

दुसरा कागद म्हणजे दूषित जागांची यादी. ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते आणि तिचे आकडे प्रत्येक वेळी वेगळे दिसतात. मंडळाच्या यादीत एकेकाळी ११२ निश्चित आणि १६८ संभाव्य दूषित जागा होत्या. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आले तेव्हा १०३ हा आकडा सांगितला गेला. तपासणीनंतर जागा ‘संभाव्य’मधून ‘निश्चित’मध्ये जाते किंवा यादीतून वगळली जाते, म्हणून असं होतं. तेव्हा यादी मागताना ‘अमुक तारखेची यादी’ मागा, आणि एक जुनी यादीही मागा. आपली जागा जुन्या यादीत असून नव्या यादीत नसेल, तर ती कुठल्या अहवालाच्या आधारे वगळली हा तुमचा पुढचा प्रश्न.

तिसरा कागद म्हणजे त्या विशिष्ट जागेचा तपासणी अहवाल: प्राथमिक मूल्यांकन, मग सविस्तर मूल्यांकन, आणि साफसफाईचं ठरलं असेल तर सविस्तर प्रकल्प अहवाल. गावात ‘तो अहवाल’ म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. ही कामं अनेकदा नागपूरच्या नीरीसारख्या (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) संस्था किंवा खासगी सल्लागार करतात.

चौथा म्हणजे सामाईक विल्हेवाट केंद्रांभोवतीच्या भूजलाच्या तपासण्या. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथं अशी केंद्रं आहेत. पाचवा म्हणजे न्यायालयानं किंवा पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं नेमलेल्या समितीचा अहवाल.

याशिवाय औद्योगिक पट्ट्यांच्या प्रदूषणाचा सर्वंकष निर्देशांक असतो. २००९ मध्ये केंद्रीय मंडळ आणि आयआयटी दिल्ली यांनी ८८ पट्टे तपासले. त्यांतल्या ४३ अतिप्रदूषित पट्ट्यांत चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर होते. २०१८ च्या फेरीत तारापूरचा निर्देशांक १०० पैकी ९३.६९ निघाला. हा निर्देशांक जागेचा अहवाल नव्हे, पण त्यानंतर प्रत्येक पट्ट्यासाठी कृती आराखडे झाले आणि त्या आराखड्यांत जागांच्या तपासण्यांची नावं सापडतात.

घरबसल्या करायचा शोध

अर्ज टाकण्याआधी दोन-तीन संध्याकाळी इथं घालवल्या तर पुढचे काही महिने वाचतात.

राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाच्या बैठकांची आणि (कारखान्यांना परवानगी देणाऱ्या) संमती समितीची इतिवृत्तं असतात. वाचायला कंटाळवाणी, पण खाण इथंच आहे. ‘अमुक संस्थेच्या अहवालानुसार’, ‘सदर अभ्यासाचे काम अमुक संस्थेस देण्यात आले’ अशा एका ओळीत अहवालाचं नाव, संस्था आणि साल तिन्ही मिळून जातं. राज्याच्या निविदा संकेतस्थळावर अशा अभ्यासांच्या निविदा दिसतात. निविदेच्या कार्यकक्षेत किती नमुने घ्यायचे, किती विंधनविहिरी खणायच्या, अहवालाच्या किती प्रती कुणाला द्यायच्या हे लिहिलेलं असतं. ते पान जपून ठेवा. मिळालेला अहवाल पुरा आहे की नाही हे पुढे त्यावरूनच तपासता येतं.

संसदेच्या संकेतस्थळावर लोकसभा-राज्यसभेचे प्रश्नोत्तर शोधा. दूषित जागांवर वारंवार प्रश्न विचारले गेले आहेत आणि उत्तराच्या परिशिष्टात राज्यवार यादी असते. मंत्र्यानं सभागृहात दिलेलं उत्तर हातात असलं की ‘अशी माहिती नाही’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ते ठेवता येतं.

हरित न्यायाधिकरणाचं संकेतस्थळ तर सोडूच नका. घातक कचऱ्याच्या नियमांच्या अंमलबजावणीवरचं मूळ अर्ज क्रमांक ८०४/२०१७ हे प्रकरण देशभराचं आहे. त्यात केंद्रीय मंडळानं राज्यवार माहिती सादर केली आहे. तारापूरच्या प्रदूषणावरचं पश्चिम विभागातलं ६४/२०१६ हे प्रकरण नमुना म्हणून पाहा: त्यात समितीनं सादर केलेल्या अहवालात नुकसानभरपाईची रक्कम सुमारे १६० कोटी रुपये काढली होती. आपल्या तालुक्याचं असं प्रकरण आहे का ते गावाच्या, नदीच्या आणि औद्योगिक वसाहतीच्या नावानं शोधा.

आणखी एक दार लोकांच्या लक्षात येत नाही. जवळपासच्या एखाद्या कारखान्यानं किंवा विल्हेवाट केंद्रानं विस्तारासाठी पर्यावरण मंजुरी मागितली असेल, तर त्याचा पर्यावरण आघात अहवाल केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर असतो. त्यात आसपासच्या विहिरींच्या पाण्याची आणि मातीची तपासणी असते, आणि आधीच्या सरकारी अभ्यासांचे उल्लेखही असतात.

शोध फसण्याची कारणं साधी असतात. जुने मराठी कागद श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी-सुरेख अशा युनिकोडपूर्व टंकांत आहेत. पडद्यावर मराठी दिसत असलं तरी आत भलतीच अक्षरं असतात, म्हणून देवनागरीत शोधून ते सापडत नाहीत. पुष्कळ पीडीएफ नुसत्या छायाप्रती असतात. त्या उतरवून घेऊन अक्षरओळख करणाऱ्या साधनातून काढा (टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी वाचतं). गावांची नावं बदलतात: छत्रपती संभाजीनगरचे कागद औरंगाबादच्या नावानं, अहिल्यानगरचे अहमदनगरच्या नावानं आणि धाराशिवचे उस्मानाबादच्या नावानं आहेत. इंग्रजी हिज्जेही दोन-तीन प्रकारे लिहून पाहा. ‘घातक कचरा’, ‘धोकादायक कचरा’, ‘घातक टाकाऊ पदार्थ’ अशी तिन्ही रूपं वापरा. आणि दुवा मेलेला निघाला तर तोच पत्ता वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं जपणाऱ्या संग्रहात) टाका. सरकारी संकेतस्थळांची रचना बदलली की जुने दुवे तुटतात, पण उतरवलेली प्रत तिथं पुष्कळदा टिकून असते.

प्रत कुठे कुठे असू शकते

जागेचा अहवाल एका टेबलावर थांबत नाही. ज्यानं काम दिलं ते राज्य मंडळ, ज्यानं केलं ती संस्था, ज्याच्याकडे पाठवला ते केंद्रीय मंडळ आणि मंत्रालय, जमीन ज्याची ती एमआयडीसी, कारवाई ज्यानं करायची ते जिल्हाधिकारी, आणि पाणीपुरवठा ज्यांच्याकडे आहे ती महापालिका किंवा जिल्हा परिषद. भूजलाचा भाग भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडेही असतो.

जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आता विशेष लक्ष द्यायला हवं. २०२५ च्या नियमांनी संशयित दूषित जागांची सहामाही यादी देण्याचं काम जिल्हा प्रशासनावर टाकलं आहे, आणि अशी जागा कळल्यावर ९० दिवसांत प्राथमिक मूल्यांकन करण्याचं काम राज्य मंडळावर. म्हणजे ‘गेल्या दोन सहामाहींत पाठवलेली यादी’ हा एक ठोस, तारीख असलेला कागद आहे. यादी पाठवलीच नसेल तर तसं लेखी उत्तर मागा. तेही कामाचं असतं.

आमचा सल्ला असा की राज्यात एक आणि केंद्रात एक असे दोन अर्ज एकाच आठवड्यात टाका. एकाकडे ‘नाही’ असलेला कागद दुसऱ्याकडच्या पत्रव्यवहारात सापडतो. नीरी ही केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेची संस्था असल्यानं तिथं केंद्राचे नियम लागू होतात.

अर्ज: शुल्क, शब्दमर्यादा, मजकूर

महाराष्ट्रातल्या कार्यालयासाठी जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि १० रुपयांचं न्यायालयीन शुल्क मुद्रांक चिकटवा. २०१२ च्या दुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. दोन विषय घातले तर अधिकारी पहिल्याचंच उत्तर देऊन मोकळा होऊ शकतो. म्हणून कचऱ्याच्या जागेचा अर्ज आणि कारखान्यांच्या संमतिपत्रांचा अर्ज वेगळे ठेवा. प्रतीसाठी पानाला २ रुपये पडतात. राज्याच्या ऑनलाइन संकेतस्थळावर ते कार्यालय दिसत असेल तर तिथूनही अर्ज करता येतो.

केंद्राच्या कार्यालयासाठीही शुल्क १० रुपयेच, पण ते भारतीय पोस्टल ऑर्डरनं किंवा केंद्राच्या ऑनलाइन संकेतस्थळावरून भरायचं. शब्दमर्यादा साधारण ५०० आणि अपिलाला शुल्क नाही. परदेशात असलेल्या भारतीय नागरिकांना केंद्राचा अर्ज तिथूनच करता येतो. गावातल्या माणसाला नाव पुढे करायची धास्ती वाटत असेल तर मुलगा-सून किंवा भाचा यांच्या नावानं अर्ज जाऊ शकतो.

पहिल्याच अर्जात अहवाल मागून थांबू नका, त्याचा माग मागा. राज्य मंडळासाठीचा मजकूर असा:

*माहितीचा विषय:* मौजे (गाव), ता. (तालुका) येथील घातक कचऱ्याने दूषित जागेची तपासणी.

*कालावधी:* १ एप्रिल २०१४ ते अर्जाचा दिनांक.

*तपशील:*
(१) या जागेबाबत मंडळाने केलेल्या किंवा अन्य संस्थेकडून करून घेतलेल्या प्रत्येक अहवालाचे नाव, दिनांक व नस्ती (फाइल) क्रमांक दर्शवणाऱ्या नोंदींची प्रत.
(२) या कामाच्या कार्यादेशाची प्रत.
(३) अहवाल मंडळास सादर करणाऱ्या पत्राची आवक क्रमांकासह प्रत.
(४) अहवाल केंद्रीय मंडळ, मंत्रालय, न्यायाधिकरण किंवा जिल्हाधिकारी यांना पाठवल्याच्या पत्रांची जावक क्रमांकासह प्रत.
(५) संबंधित नस्तीची टिप्पणी व पत्रव्यवहार भागासह पाहणी, आणि पाहणीत निवडलेल्या पानांच्या प्रती.

यात ‘का’, ‘कधी करणार’, ‘जबाबदार कोण’ असा एकही प्रश्न नाही हे पाहा. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की कार्यालयानं असलेली माहिती द्यायची, नवी तयार करायची नाही. प्रश्न विचारला की अर्ज तिथंच अडकतो. कागद मागितला की अडकत नाही. अर्जाचं कारण लिहू नका, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे ते विचारताही येत नाही. अधिकाऱ्याचं नाव न लिहिता ‘जन माहिती अधिकारी’ एवढंच लिहा. अर्ज स्पीड पोस्टानं पाठवून पोच जपा, किंवा हस्ते देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. ३० दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

सुरक्षिततेचंही बोलायला हवं. तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. माहिती मागणाऱ्यावर दबाव येतो, आणि घातक कचऱ्याच्या बेकायदा विल्हेवाटीत पैसा मोठा असतो. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर टपाल पेटी क्रमांक चालतो. २०१३ च्या कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्रानं तशा सूचना दिल्या आहेत. एकाच विषयावर तीन-चार जणांनी वेगवेगळ्या गावांतून अर्ज करणंही बरं.

नस्तीची पाहणी

महाराष्ट्रात पाहणीचा पहिला तास मोफत असतो, पुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये. हा दिवस वाया घालवू नका, कारण ‘उपलब्ध नाही’ म्हटलेला अहवाल पुष्कळदा इथंच हाती लागतो.

नस्तीचे दोन भाग असतात: टिप्पणी (अधिकाऱ्यांचे शेरे) आणि पत्रव्यवहार. आधी टिप्पणी वाचा. तिथं प्रत्येक कागद कुठल्या पानावर आहे ते लिहिलेलं असतं (‘पृ. ८७/प.व्य. वरील अहवाल पाहावा’ अशा ओळी). मग पत्रव्यवहारात ८७ वं पान काढा. तिथं नुसतं सादर करण्याचं पत्र असेल आणि खाली ‘सोबत: अहवाल, २ खंड’ असं असेल, तर खंड वेगळे बांधून कपाटात ठेवलेले असतात. ‘या पत्रासोबतचे दोन खंड दाखवा’ असं जागच्या जागी लेखी द्या आणि पोच घ्या. पानांच्या क्रमांकात खंड पडला असेल, उदाहरणार्थ ११२ नंतर थेट १३१, तर तेही लिहून ठेवा. फोटो काढण्याची परवानगी मूळ अर्जातच मागून ठेवली तर त्या दिवशी वाद होत नाही.

प्रती निवडताना चार गोष्टी सोडू नका: नमुने घेतलेल्या जागांचा नकाशा, प्रयोगशाळेची मूळ पत्रकं, अहवालावर अधिकाऱ्यांनी लिहिलेले अभिप्राय, आणि अहवाल पुढे पाठवल्याची पत्रं. नकाशा रंगीत असेल तर रंगीत प्रत मागा. काळ्या-पांढऱ्या प्रतीत दूषित आणि स्वच्छ पट्टे सारखेच दिसतात.

कारखान्याच्या सांडपाण्याचा प्रश्न असेल तर माहिती अधिकाराशिवायही एक मार्ग आहे. जल प्रदूषण कायदा, १९७४ च्या कलम २५(६) प्रमाणे राज्य मंडळाला संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते, आणि त्या सांडपाण्याची झळ बसणाऱ्याला ती पाहण्याचा हक्क आहे.

नकार येतो तेव्हा

‘अहवाल मसुदा स्वरूपात आहे, अंतिम झालेला नाही.’ याला सर्वांत मजबूत उत्तर आपल्याच सह्याद्रीच्या प्रकरणात आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीनं ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल दिला आणि मंत्रालयानं तो दाबून ठेवला. केरळमधल्या एका नागरिकानं माहिती अधिकारात तो मागितला. मंत्रालयानं नकार दिला. तत्कालीन केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी ९ एप्रिल २०१२ रोजी तो देण्याचा आदेश दिला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि १७ मे २०१२ रोजी न्यायालयानं मंत्रालयाची याचिका फेटाळली. त्याच महिन्यात अहवाल संकेतस्थळावर आला. समितीनं आपलं काम संपवून अहवाल दिला की मंत्रालयानं तो स्वीकारला नाही म्हणून तो मसुदा ठरत नाही. अपिलात या निकालाचा उल्लेख तारखेसह करा.

‘चौकशी चालू आहे’, कलम ८(१)(ज). नुसती चौकशी चालू असणं पुरेसं नाही. माहिती दिल्यानं तिला नेमका कसा अडथळा येतो हे अधिकाऱ्यानं दाखवायला हवं, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ मध्ये सांगितलं आहे. पाण्यातल्या क्रोमियमचा आकडा कळल्यानं कुठली चौकशी अडते, असं सरळ लिहा.

‘व्यापारी गुपित आहे’, कलम ८(१)(घ). इथं कारखान्याला त्रयस्थ पक्ष म्हणून नोटीस जाते: अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांत नोटीस, त्याला म्हणणं मांडायला १० दिवस, आणि निर्णय ४० दिवसांत. कारखान्यानं नको म्हटलं एवढ्यावर माहिती नाकारता येत नाही; निर्णय अधिकाऱ्याचा असतो. उत्पादन प्रक्रियेचा तपशील गुपित असू शकतो, कुंपणाबाहेरच्या विहिरीतलं शिसं नाही. कलम १० प्रमाणे गुपिताचा भाग झाकून बाकीचं मागा आणि ८(२) मधलं लोकहिताचं कारण जोडा. सर्वोच्च न्यायालयानं घातक कचऱ्याच्याच खटल्यात, १४ ऑक्टोबर २००३ च्या आदेशात, अशी माहिती मिळण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातून येतो असं म्हटलं आहे. घातक कचऱ्याच्या तपासणीसाठी प्राध्यापक एम. जी. के. मेनन यांची समिती ज्या खटल्यात नेमली गेली, तोच हा खटला.

आणि जुन्या अहवालांसाठी कलम ८(३) लक्षात ठेवा. बाब २० वर्षांपूर्वीची असेल तर देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रं ही कारणं सोडून बाकीचे अपवाद लागूच होत नाहीत. मेनन समितीच्या काळात झालेल्या बेकायदा कचराडेपोंच्या तपासण्यांना व्यापारी गुपिताची आड घेता येत नाही ती यामुळे.

‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे.’ कलम ७(९) फक्त माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची हे बदलण्याची मुभा देतं, नकाराची नाही. उत्तरात पाहणीची तारीख मागा.

‘माहिती संकेतस्थळावर आहे.’ नेमका दुवा मागा, आणि त्या पानाचं तारखेसह छायाचित्र ठेवा.

‘नस्ती सापडत नाही.’ असा अपवाद कायद्यात नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये म्हटलं आहे की कागद सापडत नसेल तर कसून शोध घ्यायला हवा, आणि जबाबदारी ठरवण्यासाठी चौकशीचा आदेश माहिती आयोग देऊ शकतो. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे कागद बेकायदा नष्ट करणं हा शिक्षापात्र गुन्हा आहे. म्हणून अपिलात तीन गोष्टी मागा: नस्ती शेवटी कुणाकडे होती त्याची हालचाल नोंद, ती नष्ट केली असेल तर नष्ट केल्याचा आदेश आणि यादी, आणि नाही तर गहाळ झाल्याची पोलीस तक्रार. या मागणीनंतर सापडलेल्या नस्त्या थोड्या नाहीत.

अर्ज या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहिला, तर प्रत्येक हस्तांतरणाचं पत्र जपा. कलम ६(३) प्रमाणे ते ५ दिवसांत व्हायला हवं.

अपील

उत्तर मिळाल्यापासून, किंवा ३० दिवस उलटूनही उत्तर नसेल तर त्या दिवसापासून, ३० दिवसांत पहिलं अपील करा. महाराष्ट्रात जोडपत्र ‘ब’ आणि २० रुपयांचा मुद्रांक लागतो. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत हवा. मुदत उलटून गेली असेल तर कलम ७(६) प्रमाणे प्रती मोफत मागा. सुनावणीला स्वतः जा आणि एका पानाचं टिपण द्या: कुठला कागद, तो असल्याचा पुरावा (इतिवृत्ताचं पान, संसदेतलं उत्तर, जावक क्रमांक), आणि नकाराचं कारण का टिकत नाही. पुराव्याचं पान पुढे ठेवलं की सुनावणीचा सूर बदलतो.

दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, जोडपत्र ‘क’ मध्ये, पुन्हा २० रुपये. तिथं प्रकरणांचा ढीग मोठा आहे, तारीख लागायला फार वेळ जातो. म्हणून अपील टाकून हात बांधून बसू नका. त्याच काळात स्थानिक आमदारांकडून विधिमंडळात प्रश्न विचारून घ्या, आणि जागेवर न्यायाधिकरणात प्रकरण असेल तर ‘मंडळानं त्या प्रकरणात सादर केलेलं प्रतिज्ञापत्र, सर्व जोडपत्रांसह’ असा नवा अर्ज मंडळाकडेच करा. जे न्यायाधिकरणापुढे दाखल झालं ते गोपनीय आहे असं म्हणायला जागा उरत नाही.

अहवाल हाती आल्यावर

आधी तो पुरा आहे का पाहा. नुसता सारांश देऊन ‘अहवाल दिला’ म्हणण्याची पद्धत आहे. अनुक्रमणिकेतलं प्रत्येक परिशिष्ट आहे का, कार्यादेशात जितके नमुने ठरले तितके निकाल आहेत का, ते मोजा.

मग आकडे. पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५००:२०१२ शेजारी ठेवा: एका लिटरमध्ये शिसं ०.०१ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१, एकूण क्रोमियम ०.०५. तक्त्यात ‘बीडीएल’ असं दिसलं की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. त्याचा अर्थ एवढाच की यंत्राला जेवढं मोजता येतं त्याच्या खाली आहे. प्रयोगशाळेची शिशाची मोजमर्यादा ०.०५ असेल, तर पाण्यात ०.०४ शिसं, म्हणजे मानकाच्या चौपट, असूनही तक्त्यात ‘बीडीएल’च छापलं जाईल. मोजमर्यादा पत्रकात लिहिलेली नसेल तर ती वेगळा अर्ज करून मागा.

दुसरा सापळा तुलनेचा. २०१६ च्या नियमांच्या अनुसूची २ मध्ये कचरा घातक ठरवण्यासाठी शिशाची पाझर-चाचणीतली (कचऱ्यातून पाण्यात किती झिरपतं त्याची) मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. ती कचऱ्यासाठी आहे. विहिरीचं पाणी या मर्यादेशी ताडून ‘मर्यादेच्या आत’ लिहिलं असेल, तर ते पिण्याच्या मानकाच्या पाचशे पटींपर्यंत काहीही असू शकतं.

नमुने कुठल्या महिन्यात घेतले तेही पाहा. पावसाळ्यापूर्वीचे आणि नंतरचे असे दोन्ही असायला हवेत. नुसते भर पावसातले असतील तर पातळ झालेलं पाणीच मोजलं गेलं. भूजलाच्या वाहण्याच्या दिशेला वरच्या बाजूची एक तरी विहीर तुलनेसाठी घेतलेली हवी. अक्षांश-रेखांश नकाशावर टाकून नमुन्याची जागा खरोखर त्या डेपोजवळ पडते का, तेही तपासा. पडताळणीसाठी स्वतः तिथली माती उकरू नका. पिंपांच्या आसपासचा गाळ हाताळणं धोक्याचं असतं. विहिरीच्या पाण्याची तपासणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून करून घ्या आणि नमुना त्यांच्याच माणसाला घेऊ द्या.

शेवटी प्रत सांभाळण्याचं काम. मिळालेला लिफाफा, शिक्का असलेलं सोबतचं पत्र आणि अहवाल एकत्र स्कॅन करा, कारण प्रत अधिकृतपणे मिळाल्याचा पुरावा ते पत्र आहे. विहीरमालकांची नावं आणि दूरध्वनी क्रमांक झाका. एक प्रत ग्रामसभेपुढे ठेवून इतिवृत्तात नोंद करून घ्या, एक तालुक्याच्या वाचनालयात द्या, आणि फाइलच्या नावात गाव, साल, संस्था आणि नस्ती क्रमांक लिहून ती इंटरनेटवरच्या एखाद्या खुल्या संग्रहात चढवा.